काळी जमीन का भेगाळते?

भूगोलाच्या पुस्तकात एक वाक्य असतं: 'बेसॉल्ट खडकाची झीज होऊन काळी माती तयार झाली, ती ओलावा धरून ठेवते, म्हणून कापसाला उपयुक्त आहे.' मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात. वाक्य खोटं नाही. पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दासाठी गेली पावणेदोनशे वर्षं कोणी ना कोणी भांडलेलं आहे. बेसॉल्टपासूनच झाली कशावरून? काळी का? ओलावा धरते, पण पिकाला देते का? आणि पुस्तकात ज्याचा बहुधा उल्लेखच नसतो, ते म्हणजे तिला उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा का पडतात?

आधी माती नीट पाहू. सोलापूर, परभणी, अकोला, कुठेही चांगल्या काळीत एप्रिल-मे महिन्यात विहिरीचा किंवा घराच्या पायाचा खड्डा खणलेला असेल तर त्याची उभी भिंत बघण्यासारखी असते. अगदी वर दोन-चार सेंटिमीटर भुसभुशीत, ज्वारीच्या दाण्याएवढ्या रव्यांचा थर. त्याच्या खाली कडक ढेकळं, आणि त्यांच्या मधून उभ्या गेलेल्या भेगा. तोंडाशी पाच-दहा सेंटिमीटर रुंद, खाली निमुळत्या होत मीटरभर, कधी त्याहूनही खोल. अर्ध्या मीटरच्या खाली ढेकळांचा आकार बदलतो. ती पाचरीसारखी तिरपी होतात. एखादी पाचर हाताने ओढून काढली, तर तिची बाजू चकचकीत लागते, कोणी बोटाने दाबून घासली असावी अशी. तिच्यावर बारीक रेघाही असतात. त्याच्या खाली पांढऱ्या चुनखडीचे खडे वाढत जातात, मग मुरूम, मग काळा कातळ. एवढे थर असूनही रंग मात्र वरपासून खालपर्यंत जवळपास तोच. इतर जमिनींत थर रंगावरून ओळखू येतात. इथे ते ढेकळांच्या आकारावरून ओळखावे लागतात, आणि त्यामुळेच अनेकांनी 'या मातीला थरच नाहीत' असं लिहून ठेवलं होतं.

पांढरी आणि काळी

आपल्या गावांनी या मातीचा एक गुण फार पूर्वी ओळखला होता. जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग येतात: पांढरी आणि काळी. वस्ती पांढरीत, पीक काळीत. घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, घरंही पांढऱ्या मातीवर. यामागे इतरही कारणं असतील, पण काळीवर भिंत उभी केली की दोन-चार पावसाळ्यांत ती तडकते, हा अनुभव त्यात आहेच. पुढे रेल्वे, सडका आणि शाळांच्या इमारती बांधणाऱ्या इंजिनियरांना हाच धडा नव्याने आणि महागात शिकावा लागला. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने पायासाठी तळाशी फुगीर असलेले खांब विकसित केले ते अशा मातीसाठीच. खांबाचा फुगीर तळ ओल फारशी कमी-जास्त होत नाही एवढ्या खोलीवर रुतवायचा, म्हणजे वरची माती फुगो की आकसो, घर जागचं हलत नाही.

काळीच्या थरांची पहिली मोठी नोंद मात्र विज्ञानासाठी झाली नाही. ती झाली साऱ्यासाठी. पेशवाई गेल्यावर मुंबई सरकारने दख्खनमध्ये जमीनमहसूल ठरवण्याचा पहिला प्रयत्न केला तो प्रिंगल या अधिकाऱ्याच्या हातून, आणि तो फसला. निव्वळ उत्पन्न किती याचा हिशोब काढण्याची त्याची पद्धत कागदावर चोख होती; शेतात उतरल्यावर ती टिकली नाही. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली. तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले.

या नियमांत मातीचे तीन दर्जे होते. बारीक पोताची, काळी ते गडद तपकिरी ती पहिल्या दर्जाची; त्याहून भरड आणि फिकी ती दुसऱ्या; खडेगोटे असलेली ती तिसऱ्या. मग बघायची खोली, तीही हातात मोजून. पहिल्या दर्जाची माती पावणेदोन हात खोल असेल तर ती सोळा आणे जमीन. दीड हात असेल तर चौदा आणे. खोली कमी होत पाव हातावर आली की साडेचार आणे. हात अठरा इंचांचा धरला तर पावणेदोन हात म्हणजे सुमारे ऐंशी सेंटिमीटर. त्याहून खोल मातीला जास्त आणे नाहीत. शेताचे चौकोन पाडून प्रत्येकाची खोली बघायची आणि दोष असेल तर खूण करून एक वर्ग खाली उतरवायचा. दोषांची यादी वाचताना मौज वाटते, कारण ती थेट शेतकऱ्याच्या तोंडची आहे: जमीन चुनखडीची आहे, वाळसर आहे, उताराची आहे, पाणी मुरत नाही, पावसाळ्यात पाणी साचून राहतं.

मातीचं शास्त्र तेव्हा जन्मलंही नव्हतं. रशियात दोकुचायेवने काळ्या चेर्नोझेम मातीवरचा ग्रंथ लिहिला तो १८८३ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे शेताशेतात खोली, पोत, चुना आणि निचरा यांची नोंद होत होती. पण म्हणून त्या मोजणीचं फार कौतुक करायला नको. सोळा आण्यांची जमीन म्हणजे सोळा आण्यांचा सारा. पाऊस न आल्यास हीच सोळा आणे जमीन सर्वांत आधी कोरडी ठणठणीत दिसते, हे त्या कोष्टकात कुठे बसत नव्हतं. तिथे माती होती, पाऊस नव्हता.

काळी आली कुठून?

इंग्रज भूवैज्ञानिकांनी या मातीला 'रेगूर' म्हटलं. हा शब्द तेलुगूतल्या 'रेगडि'वरून आलेला. तिच्या उगमावरून त्यांच्यात दोन तट पडले. मद्रासच्या लष्करातला कॅप्टन न्यूबोल्ड दक्षिण भारतभर हिंडला होता. त्याचं म्हणणं असं, की ही पाण्याखाली साचलेली गाळमाती आहे. दुसरा तट म्हणे, ती ट्रॅप खडकाची, म्हणजे आपल्या दख्खनच्या बेसॉल्टचीच झीज आहे.

आज आपल्याला दुसऱ्या तटाचं बरोबर वाटतं, कारण आपण महाराष्ट्रात बसून विचार करतो. इथे काळी आणि बेसॉल्ट नकाशावर जवळपास एकमेकांवर बसतात. पण न्यूबोल्ड बळ्ळारीकडे हिंडत होता, आणि तिकडे काळी माती नाइस आणि ग्रॅनाइटच्या मुलखातही पसरलेली दिसते. खडक निराळा, माती तीच. मग ती बाहेरून आली असणार, हा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. उलट सह्याद्रीच्या माथ्यावर बेसॉल्टच आहे, आणि तिथली माती तांबडी. म्हणजे बेसॉल्ट असून काळी नाही, आणि बेसॉल्ट नसून काळी आहे. १८७९ मध्ये मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांनी भारताच्या भूशास्त्राचा पहिला मोठा ग्रंथ काढला, त्यातही हा प्रश्न पुरता सुटलेला नाही.

काळ्या रंगाचं कोडं तर आणखी चिवट निघालं. काळी माती म्हणजे सेंद्रिय द्रव्य भरपूर, हा समज युरोपातून आलेला. चेर्नोझेम काळी, कारण गवताची मुळं कुजून तिच्यात ह्यूमस साचलेलं. मग रेगूरही तशीच असणार. भारत सरकारने १८९२ मध्ये वॉल्टर लेदर या रसायनशास्त्रज्ञाला नेमलं आणि त्याने देशभरच्या मातींचं पृथक्करण केलं. गाळाची, काळी, तांबडी आणि जांभा हे शालेय पुस्तकातले चार प्रकार त्याच्या १८९८ च्या कामापर्यंत मागे जातात. काळीत सेंद्रिय द्रव्य निघालं फारच थोडं. आपल्या कोरडवाहू काळीत सेंद्रिय कर्ब अनेकदा अर्धा टक्काच भरतो. एवढ्याने माती काळी कशी होईल?

१९१० मध्ये ॲनेटने उत्तर दिलं: टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट. बेसॉल्टमध्ये हे काळं, चुंबकाला चिकटणारं खनिज असतं, खडक झिजला तरी ते लवकर झिजत नाही, मातीत उरतं. हे वर्गात करून बघता येतं. वाळलेली काळी माती कुटून कागदावर पसरा आणि कागदाच्या खालून चुंबक फिरवा. काळे बारीक कण मागेमागे येतील. प्रयोग इतका पटणारा आहे, की उत्तरही पटतं. पण दोनच वर्षांनी मद्रास इलाख्यातल्या हॅरिसन आणि शिवन यांनी त्यावर आक्षेप घेतला. त्यांच्या मते रंग होता मातीच्या अतिसूक्ष्म, कलिल भागात. वर्गातला प्रयोग जरा पुढे नेला तर त्यांचा मुद्दा लक्षात येतो. ती माती भरपूर पाण्यात घुसळून, जड कण खाली बसू द्या. वरचं गढूळ पाणी वेगळ्या भांड्यात ओतून त्यातला गाळ वाळवा. जड कण मागे राहिले तरी हा गाळ काळसरच निघतो.

हा वाद चाळीस वर्षं धुमसत राहिला. १९५० च्या दशकात सिंग यांनी या रंगावर काम करून दाखवलं, की चिकणमातीचे कण आणि थोडंसं सेंद्रिय द्रव्य यांची घट्ट सांगड बसते आणि या जोडणीचा रंग गडद असतो. प्रश्न सेंद्रिय द्रव्य किती आहे याचा नव्हता, ते कशाला चिकटलं आहे याचा होता. म्हणून 'काळी आहे म्हणजे सुपीक आहे, कसदार आहे' हे वाक्य वर्गात जपून वापरावं. काळीत नत्र बहुधा कमीच असतं. शेणखताचा परिणाम काळीवर दिसतो तो याच कारणाने.

शेजारी शेजारी दोन माती

उगमाचं कोडं सुटायला क्ष-किरणांची वाट बघावी लागली. मातीतले सर्वांत बारीक कण, दोन मायक्रॉनच्या आतले, हे आकारहीन चिखल नसून स्फटिक आहेत, हे १९३० च्या सुमारास अमेरिकेत हेंड्रिक्स आणि फ्राय यांनी दाखवलं. १९३३ मध्ये जर्मनीत होफमान, एंडेल आणि विल्म यांनी माँटमोरिलोनाइट या खनिजाची रचना मांडली. फ्रान्समधल्या माँमोरिलों गावावरून त्याला १८४७ मध्येच नाव मिळालं होतं. योगायोग असा, की आपल्याकडे संयुक्त अहवालही त्याच वर्षीचा.

ही रचना समजायला सोपी आहे. पोळीच्या दोन पापुद्र्यांत पुरण असावं, तसे सिलिकाचे दोन पत्रे आणि मध्ये ॲल्युमिनाचा एक. अशा तिपदरी पोळ्या एकावर एक रचलेल्या. दोन पोळ्यांमधली पकड सैल, त्यामुळे पाणी मध्ये शिरतं आणि पोळ्या एकमेकींपासून दूर सरतात. कोरड्यात एका पोळीची जाडी सुमारे दहा अँगस्ट्रॉम. ओलाव्यात पोळी ते पोळी अंतर पंधरा आणि त्याहून जास्त. तांबड्या मातीत जास्त करून असणारं केओलिनाइट दुपदरी असतं. त्याच्या पोळ्या हायड्रोजनच्या बंधांनी घट्ट चिकटलेल्या, सात अँगस्ट्रॉमवर अडकलेल्या. पाणी मध्ये शिरत नाही. माँटमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमचं सगळं आतलं-बाहेरचं पृष्ठफळ सात-आठशे चौरस मीटरपर्यंत जातं, केओलिनाइटचं दहा-वीस चौरस मीटर. एवढ्या फरकातून एक माती फुगणारी आणि दुसरी न फुगणारी होते. काळीत चिकणमातीचा वाटा निम्मा, अनेकदा त्याहूनही अधिक. त्यातली बरीचशी अशी फुगणारी असली, की पाऊस पडल्यावर सगळं शेतच फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. आकसताना माती खाली बसते, पण तेवढ्याने भागत नाही. आडवंही आकसावं लागतं, आणि शेत तर बाजूंनी जखडलेलं. मग ते फाटतं.

१९४० मध्ये नागेलश्मिट, देसाई आणि म्यूर यांनी हैदराबाद संस्थानातल्या दोन मातींचा चिकण भाग क्ष-किरणांनी तपासला: एक काळी, एक तांबडी. तेलंगणात अशा जोड्या जागोजाग दिसतात. चढावर तांबडी, उतारावर काळी. पाऊस एकच, खालचा खडकही बेसॉल्ट नव्हे. काळीत माँटमोरिलोनाइटच्या गटातलं खनिज निघालं, तांबडीत केओलिनाइटच्या गटातलं.

मला हा निबंध या सगळ्या इतिहासातला कळीचा वाटतो, कारण न्यूबोल्डची अडचण त्याने एका झटक्यात निराळ्या जागी नेली. कोणता खडक, हा प्रश्न अर्धाच होता. चढावरून पाणी झिरपून जातं, जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका धुऊन नेतं. मागे उरतं त्यातून केओलिनाइट बनतं. ते धुतलेलं सगळं सखल भागात साचतं, आणि तिथे माँटमोरिलोनाइट जमतं. बेसॉल्टमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम मुळातच भरपूर, म्हणून तिथे काळी सहज होते आणि दूरवर पसरते. पण सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस ते धुऊन नेतो, म्हणून तिथे बेसॉल्ट असूनही तांबडी. ग्रॅनाइटच्या मुलखात सखल जागी ते साचतं, म्हणून तिथे काळी. दोन्ही तटांना आपापल्या जागी जे दिसलं ते खरंच दिसलं होतं.

ओलावा धरते, पण देते का?

दरम्यान शेतात निराळीच परीक्षा चालली होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ दख्खनला मोडून गेले. पुण्याजवळ मांजरीला १९२३ पासून कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले, आणि पुढे ते काम ना. वि. कानिटकरांनी चालवलं. हे तेच कानिटकर, ज्यांनी हॅरॉल्ड मान यांच्याबरोबर दख्खनी खेड्याच्या पाहणीत काम केलं होतं. १९३३ पासून सोलापूर आणि विजापूर इथे खास केंद्रं निघाली. प्रश्न एकच: पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी; काळीत ज्वारी कशी वाचवायची?

पाठ्यपुस्तकातला 'ओलावा धरून ठेवते' हा भाग इथे तपासला गेला. पुरती भिजलेली काळी आपल्या वजनाच्या पस्तीस-चाळीस टक्के पाणी धरते. पण ज्वारी सुकून मान टाकते तेव्हाही त्या मातीत अठरा-वीस टक्के पाणी उरलेलंच असतं. ते कणांनी इतकं घट्ट धरलेलं, की मुळांना ओढता येत नाही. म्हणजे निम्मं पाणी मातीचं, निम्मं पिकाचं. ही सावकारी हलक्या जमिनीत नसते; ती धरतेच थोडं, पण त्यातलं बरंचसं देऊन टाकते.

भेगांचंही तसंच. पहिल्या वळवाचं पाणी भेगांतून थेट खोल जातं, हा फायदा. पण एकदा माती फुगून भेगा मिटल्या की पाणी आत जाणं जवळपास थांबतं आणि जोराचा पाऊस वाहून जातो, जाताना माती घेऊन. रब्बीत पुन्हा भेगा पडू लागल्या की खालची ओल त्यांच्या भिंतींतून उडते आणि ज्वारीची मुळं तुटतात. यावर शेतकऱ्याकडे उपाय होताच: कोळपणी. वरची माती मोकळी करून भेगा बुजवायच्या. सोलापूरच्या शिफारशींत ती पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात येते, आणि आठव्या आठवड्यातली मुख्यतः भेगांसाठी. बांधबंदिस्ती, पाभरीने दूर अंतरावर पेरणी, कमी बियाणं हे सगळं मिळून 'मुंबई पद्धत' म्हणून ओळखलं गेलं. खरिपात पाऊस असताना काळी मोकळी ठेवायची आणि रब्बीत साठवलेल्या ओलीवर पीक घ्यायचं, या रिवाजाला बाहेरचे लोक आळस म्हणत. पण भर पावसात काळीत औत घालून बघावं. चिखलात बैल रुततात, फाळाला माती चिकटते; कोरडी असताना तीच दगड. वापसा येतो तो थोडे दिवस. हैदराबादजवळ १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅटने रुंद वाफे आणि सरींची पद्धत काढली, ती याच अडचणीवर: पाणी सरीतून काढून द्यायचं आणि पावसाळ्याच्या तोंडी कोरड्यात पेरायचं.

दुष्काळावरचा दुसरा उपाय होता कालवा. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि बारामतीकडे ऊस उभा राहिला. काही वर्षांतच शेतांवर पांढरे डाग दिसू लागले. हॅरॉल्ड मान आणि वि. अ. ताम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका काढली. दोष पाण्याचा नव्हता, थरांचा होता. वर काळी, पाणी न सोडणारी. खाली मुरूम, पाणी वाहून नेणारा. वरच्या शेतातलं आणि कालव्यातून झिरपलेलं पाणी मुरमातून वाहत सखल भागात येतं, वरच्या काळीखाली कोंडतं, हळूहळू वर चढतं, वाफ होऊन जातं आणि क्षार मागे ठेवतं. क्षार धुऊन गेले तरी सोडियम कणांना चिकटून बसतं. मग माती पाण्यात विस्कटते, वाळल्यावर सिमेंटसारखी होते. शेतकरी तिला चोपण म्हणतो. इंग्लिस यांच्या हाताखाली पाटबंधारे खात्याने बारामतीला चर काढून निचऱ्याचे प्रयोग केले. पण कुठल्या शेतात पाणी द्यावं आणि कुठे देऊ नये, हे ठरवायला थर बघणं भाग होतं. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून बसू आणि शिरूर यांनी १९३८ मध्ये नीरा उजव्या आणि प्रवरा कालव्याखालच्या जमिनींची पाहणी प्रसिद्ध केली. खड्डे खणून, थरांची घडण बघून मातीचे प्रकार पाडलेले. इंदापूरच्या मोजणीनंतर शंभर वर्षांनी, त्याच टापूत, खोलीबरोबर निचराही हिशोबात आला. ज्यांची जमीन चोपण झाली त्यांना त्याचा फार उपयोग झाला नाही, हेही खरं.

उलटणारी माती?

१९५० मध्ये ओक्स आणि थॉर्प यांनी जगभरच्या अशा मातींना, आपली रेगूर, मोरोक्कोची तिर्स, टेक्सासची काळी, 'ग्रुमुसॉल' हे एकच नाव सुचवलं. १९६० च्या अमेरिकी वर्गीकरणात त्याचं 'व्हर्टिसॉल' झालं. लॅटिन 'व्हर्तेरे' म्हणजे उलटणे. कल्पना अशी: उन्हाळ्यात वरचा रवाळ चुरा भेगांत पडतो, पावसात खालची माती फुगते, पण पडलेल्या चुऱ्यामुळे तिला जागा पुरत नाही, ती वर ढकलली जाते. वर्षानुवर्षं असं होऊन सगळी माती खालवर होते. 'काळी स्वतःला नांगरते' या म्हणण्याला शास्त्राचा आधार मिळाला. ऑस्ट्रेलियातल्या गवताळ मैदानांत त्याचा पुरावा जमिनीवरच दिसतो: उंचवटे आणि खळगे यांची न संपणारी नक्षी, जिला तिथल्या मूळ रहिवाशांच्या शब्दावरून 'गिलगाय' म्हणतात. खळग्यात पाणी साचतं म्हणून हा शब्द. तिथल्या काळ्या चिकणमातीवर मैलोन्‌मैल मिचेल गवत आहे, झाडं तुरळक. भेगा झाडाची कोवळी मुळं तोडतात. गवत दरवर्षी नवी मुळं काढतं. आपल्या काळीवरही नांगराच्या आधी मारवेलसारखी गवतंच असावीत. गिलगाय आपल्याकडे क्वचितच दिसतात. बहुधा शेकडो वर्षांच्या कुळवा-वखराने ते सपाट केले.

उलटण्याची कल्पना सुंदर होती, पण पुरती टिकली नाही. माती खरोखर ढवळली जात असेल तर तिचं वय वर-खाली सारखं निघायला हवं. किरणोत्सारी कार्बनने मोजल्यावर ते खोलीबरोबर वाढत गेलं: वर काही शे वर्षं, मीटरभर खाली काही हजार. मग त्या चकचकीत पाचरी कशाच्या? यालॉन आणि काल्मार यांनी १९७८ मध्ये त्याचं गणित मांडलं. मधल्या थरात माती फुगते तेव्हा वरच्या मातीच्या वजनाने तिला सरळ वर जाता येत नाही. बाजूचा दाब वाढत जातो आणि शेवटी माती तिरप्या पातळीवर सटकते, एक पाचर दुसरीवर घासत. फार वर हा दाब तयार होत नाही, कारण वजन नाही. फार खाली होत नाही, कारण तिथे ओल बदलत नाही. म्हणून पाचरी मधल्याच थरात. भेगेत चुरा पडतो हे खरं, पण मोठं काम या घसरण्याचं. नाव मात्र 'उलटणारी' हेच राहिलं.

नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेत दि. कु. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून आणखी एक गोष्ट दाखवली. आज काळी जिथे आहे तिथल्या कोरड्या हवेत बेसॉल्ट फारच सावकाश झिजतो; एवढं फुगणारं खनिज तयार होणं शक्य नाही. ते पूर्वीच्या अधिक पावसाच्या काळात बनलं, पाण्याबरोबर खाली आलं आणि साचलं. न्यूबोल्डचं 'साचलेली माती' हे म्हणणं इथे थोडं परत येतं, समुद्र आणि सरोवरं वगळून. पुढे हवा कोरडी झाली तसा मातीतला कॅल्शियम चुनखडी होऊन बसू लागला, आणि कणांवर त्याची जागा सोडियम घेऊ लागलं. म्हणजे कालवा नसतानाही काळी आतून चोपण होऊ शकते. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णा खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात, ते झालेलं आहे. वरून पाहिली तर ती सोळा आणे काळी. खोली भरपूर, रंग गडद, पोत बारीक. पण पावसाचं पाणी हातभर खाली गेलं की अडतं. १८४७ च्या यादीतले दोन दोष, चुनखडी आणि पाणी न मुरणं, हे तिथे एकाच दोषाची दोन नावं निघाली आहेत.